शेवटच्या दोन विती

ओनचानचं बोट अडलं.

डोळे मिटलेले होते, मुद्दाम मिटलेले, कारण काउंटरपलीकडे फेंगसी आजी बसल्या होत्या आणि हा खेळ बघायला त्यांना फार आवडे. कापड उलगडायचं, डोळे मिटायचे, उजव्या हाताचं मधलं बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं आणि सांगायचं, हे अमक्या खोऱ्यातलं, ही बाई डावरी, इथे मधेच तिला ताप आला होता. विएन्तिआनमधल्या निम्म्या खानदानी बायका कापडापेक्षा या खेळासाठीच दुकानात येत, आणि ओनचानलाही त्याची गोडी लागली होती, खोटं कशाला बोला! आज तर ओळखायचंही काही नव्हतं. सेंगदुआनचं कापड. चौदा वर्षं ती ते घेत आली होती. नवरीच्या खांद्यावरचं वस्त्र, लाखेचा लाल, त्यावर एकात एक अडकलेल्या नागांची रांग. बोट रोजच्या रस्त्यानं घरी निघाल्यासारखं सरकत होतं, आणि शेवटच्या दोन विती उरल्या असताना ते अडलं. पुढे कापड सैल होतं.

"काय गं, थांबलीस का? मुंगी चावली?" फेंगसी आजी म्हणाल्या.

"हात सुटेना आजी," ओनचान म्हणाली. तोंडाला लगेच सुचलं. इतकं लगेच की तिचं तिलाच कसंतरी वाटलं.

"सुटू नये असंच पाहिजे. नातीच्या लग्नात सगळ्या भवान्या येऊन पदर चिवडणार आहेत. माझ्या लग्नात चिवडला होता, मी विसरलेली नाही. सेंगदुआनचंच आहे ना?"

"सेंगदुआनचं नाही तर कोणाचं?"

"मग दे गुंडाळून."

"आज नको. एकदा वाफ देऊन घेते. पाच-सहा दिवसांत स्वतः घरी आणून देईन."

"लग्न बारा दिवसांवर आलंय आणि ही बया वाफा देत बसणार," आजी काठी टेकत उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "घरात मी सांगून बसलेय हं, की ओनचानच्या बोटाला फसवणारी बाई अजून जन्मली नाही." आणि हसत हसत उन्हात गेल्या.

ओनचाननं दुकानाचं दार लोटून घेतलं. बाहेर फळवाल्याच्या गाडीचा भोंगा, देवळाच्या भिंतीआड कुणीतरी झाडत होतं त्याचा खराटा. तिनं पुन्हा बोट फिरवलं. आता डोळे उघडे ठेवून. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, हीच तर गंमत. नाग जसे हवे तसे होते, रंग जागच्या जागी होते. पण बोट खोटं बोलत नव्हतं. अडीच हात कापड घट्ट, सुरेख, एका दमात विणलेलं, आणि मग एका धाग्यापासून पुढे हात बदललेला. फणीचा ठोका पडतोय पण बसत नाहीये. दोन ठोके, एक जोराचा, मागून एक हळू, अशी सेंगदुआनची पद्धत. इथेही ते दोन पडले होते, पण नक्कल केल्यासारखे, दुसरा तर नुसता टेकलेला. किनार कुठे आत ओढलेली, कुठे सुटलेली. एका नागाच्या मानेपाशी धागा उसवून पुन्हा घातलेला. कोणीतरी पोर बसवली होती मागावर. नवरीच्या वस्त्रावर! शिकाऊ पोर! आणि ते तसंच बसनं पाठवून दिलं होतं, कोपऱ्यात 'सेंगदुआन, नासाओ' असं तिचं नाव टाचून. यांना काय वाटलं, ओनचानला कळणार नाही? की आता ती म्हातारी झाली, चष्मा लागला, तिच्या डोळ्यांत धूळ फेकायला हरकत नाही? राग होता, पण नुसता राग असता तर बरं झालं असतं. त्याच्या तळाशी भीती होती, आणि ती कशाची हे तिला नीट पाहायचं नव्हतं.

तिनं सवयीनं खणातून कात्री काढली. तिची कात्री कायम एका चिंधीत गुंडाळलेली असे, रंग उडालेली, मऊ पडलेली चिंधी, वीस वर्षांची. ती आईच्या शेवटच्या कापडाची होती. आई वारली तेव्हा ओनचान इथे एका खात्यात कारकून होती, तीन वर्षांत गावी गेली नव्हती. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं आणि शेजारणीनं तिच्या हातात ते कापड ठेवलं होतं. "तुझ्यासाठी पुरं केलंय," शेजारीण म्हणाली. ओनचाननं तिथेच बोट फिरवलं होतं. पहिला मोठा भाग आईचा, डोळे झाकून सांगावा असा. शेवट मात्र सैल, चुकतमाकत, कुणा पोरीनं दयेपोटी उरकल्यासारखा. तेव्हाही तिला राग आला होता. माझ्या आईच्या कापडाला तुम्ही हात कशाला लावलात? ती तसं म्हणाली नाही. शहरात आल्यावर सैल टोक कापून टाकलं, चांगला भाग विकला, त्यातूनच तर या दुकानाची सुरुवात झाली, आणि कापलेला तो सैल तुकडा कात्रीला गुंडाळायला बरा पडला. तिला वाटे, आपण आईचा हात स्वच्छ करून घेतला. सेंगदुआनचं कापड पहिल्यांदा हातात आलं तेव्हा तेच दोन ठोके बोटाला लागले, एक जोराचा, मागून एक हळू, आणि ती भर बाजारात रडली होती. म्हणून तर सेंगदुआनला ती आई म्हणे. नुसतं तोंडदेखलं नव्हे.

तिनं कात्री उघडली आणि मिटली. दोन विती कापल्या तर वस्त्र आखूड पडतं. आखूड वस्त्र नवरीच्या खांद्यावर बसत नाही. आणि तसंच दिलं तर? फेंगसी आजींना काही कळणार नाही, कुणालाच कळणार नाही. तिला मात्र कळलेलं होतं. तिनं सोमचितला, सेंगदुआनच्या मुलाला, फोन लावला. "आई कशी आहे?" "आई? बरी आहे की ताई. जेवून पडलीय." "मागावर बसते ना?" पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट, मग सोमचितचं हसणं, जरा जास्तच मोठं. "बसते की! तिला कोण उठवणार? कापड मिळालं ना? नीट आहे ना?" नीट आहे ना. इतक्या वर्षांत त्यानं कधी हे विचारलं नव्हतं. "नीट आहे," ओनचान म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या छोट्या विमानात ती बसली होती. येतेय म्हणून कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यांनी पोर लपवली असती.

विमानातून उतरल्यावर पुढचे साडेचार तास पिकअपच्या मागच्या बाकावर, धूळ आणि वळणं, शेजारी एक बाई तीन बदकं टोपलीत घेऊन. कापड मांडीवर होतं. सहा वर्षं ती या रस्त्यानं आली नव्हती. गुडघे, दुकान, मग ती साथ, मग सवयच मोडली. कापडं बसनं येत, बोलणं फोनवर, आणि बोट कापडावर फिरलं की ओनचानला वाटे आपण भेटून आलो. ती मनात वाक्यं जुळवत होती. सेंगदुआनआई, नवरीच्या वस्त्रासाठी चौदा वर्षं मी दुसऱ्या घराची पायरी चढले नाही. सेंगदुआनआई, मी तुमचा हात विकते, तुमच्या घरातल्या पोरींचा नाही. यापुढे तुमचा-माझा संबंध संपला. हे शेवटचं वाक्य तिनं दोन-तीनदा घोळवलं आणि प्रत्येक वेळी ते थोडं खोटं वाटलं. नासाओच्या त्या घराचं सगळं या कापडावर चाललं होतं, सोमचितची शेती म्हणजे नदीकाठचा एक तुकडा. ओनचाननं हात काढला तर सेंगदुआनला या वयात बाजारात बसून गळ्यातले रुमाल विकावे लागतील. हे ठाऊक असूनही वाक्य घोळवत राहावंसं वाटत होतं, दुखरा दात जिभेनं चाचपावा तसं.

आणि मधेच बुआलाय आठवली, सोमचितची बायको. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. घराखालच्या मोकळ्या जागेत, मागापाशी, चटईवर सेंगदुआननं चार कापडं मांडली होती. ओनचान डोळे मिटून बसली होती. पहिलं, दुसरं, आई, वा. तिसऱ्याला बोट लागलं आणि तिनं डोळे न उघडताच म्हटलं होतं, "हे शिकाऊ हाताचं. हे बाजारात द्या, मला नको." आणि बोटांनी ते बाजूला सारलं होतं. डोळे उघडले तेव्हा समोर सून पेल्यात पाणी ओतत होती. एक थेंब सांडला नाही. ओनचानला तेव्हा स्वतःचं कौतुकच वाटलं होतं. बघा, एका क्षणात ओळखलं. आता पिकअप एका ओढ्यातून जात होती, बदकं केकाटत होती, आणि तिला पहिल्यांदाच वाटलं, की डोळे उघडायच्या आधी ती चटईवरची शांतता फार लांबली होती.

घर तसंच होतं, खांबांवर उभं, खाली माग. मागावर सेंगदुआन नव्हती, बुआलाय होती. तिनं वर पाहिलं, धोटा हातातच राहिला, आणि तिचा चेहरा असा झाला की ओनचानला सगळं कळलं असं वाटलं. वाटलं फक्त.

"ताई? तुम्ही? कळवलं नाहीत."

"कळवायला काय, मी पाहुणी आहे?"

"कोण आलंय?" खांबापाशी बांबूच्या बाकावर म्हातारी बसली होती, गुडघ्यावर रेशमाचे गुंते. तिनं मान आवाजाच्या बाजूला वळवली. "ओन आहे का? अगं ओन! ये, ये. बुआलाय, पाणी दे तिला. भात आहे का टोपलीत? मिरचीची चटणी काढ, बांबूचं लोणचं काढ, ही वाळून गेली असेल."

"मला पाहिलंसुद्धा नाहीस आणि वाळले म्हणतेस?"

"आवाज वाळलाय तुझा," सेंगदुआन म्हणाली आणि स्वतःच हसली. दात उरले नव्हते. ओनचाननं चपला काढल्या, चटईवर बसली, पाण्याचा पेला घेतला. भाताचा गोळा तोंडात घातला. बुआलाय तिच्याकडे पाहत नव्हती, ती ओनचानच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहत होती. सोमचित शेतात गेला होता. बरं झालं, ओनचानच्या मनात आलं, पुरुषाच्या मधे मधे बोलण्याशिवाय हे होऊन जाऊ दे. आणि तिनं कापड काढून चटईवर उलगडलं. सैल टोक वर ठेवलं. चिंधी सोडवून कात्री शेजारी ठेवली.

"आई, हे तू पाहिलंस?"

"काय गं?"

"हे नवरीचं वस्त्र. तुझं नाव लावून आलंय. शेवटच्या दोन विती कोणी नासवल्या?"

म्हातारीचे हात गुंत्यावर थांबले. बुआलाय पुढे झाली. "ताई, आधी जेवा. मग बोलू."

"मग कशाला? मी काही भांडायला आले नाही." ती भांडायलाच आली होती. "कुठल्या पोरीला बसवलंत? हा ठोका बघ. दोन द्यायचे म्हणून दिलेत, पण हाताला ताकद नाही, अंदाज नाही. किनार बघ, गाढव चरून गेल्यासारखी. हा नाग उसवून परत घातलाय आणि तरी मान वाकडी. आई, मी तुझा हात ओळखते. चौदा वर्षं माझ्या बोटात तो हात आहे. कुणीतरी अडाणी पोर—"

"बस करा ताई!" बुआलाय ओरडली. या घरात कुणी ओरडत नसे. वर छपरात बसलेलं पाखरू फडफडून उडालं. "बस करा. त्या बसल्यात समोर."

"समोर बसल्यात म्हणूनच बोलतेय."

"थांब गं बुआलाय," सेंगदुआन म्हणाली. तिनं हात पुढे केला, हवेत, जरा डावीकडे, आणि चटई चाचपली. ओनचाननं तेव्हा पाहिलं. म्हातारीचे डोळे तिच्यावर नव्हते. ते मागाच्या पलीकडे कुठेतरी होते, त्यांच्यावर दुधासारखी साय धरली होती, आणि पाण्याचा पेला तिच्या समोर असताना तिनं तो नजरेनं शोधलाच नव्हता. म्हातारीचा हात कापडाला लागला, सरकत टोकाशी आला, सैल भागावर थांबला.

"ही पोर एकाहत्तर वर्षांची आहे," ती म्हणाली.

खाली ओढ्यावर कुणीतरी कपडे आपटत होतं, एक धप्पा, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा.

"चिडू नकोस पोरी," सेंगदुआन म्हणाली. "मीच हट्ट धरला. हिला म्हटलं, शेवटच्या दोन विती मला दे. रंग ही हातात द्यायची, नक्षीच्या दोऱ्या मी मोजून उचलायची, त्या बोटांना पाठ आहेत. दोन महिने लागले मला. दोन विती, दोन महिने! पूर्वी मी तेवढ्यात चार कापडं उतरवायची. सोमचित म्हणाला, ओनताई परत पाठवेल. मी म्हटलं, गप रे, तिला कळेल. मला वाटलं, तू बोट फिरवशील आणि फोन करून म्हणशील, आई, बऱ्याच वर्षांनी!"

"बऱ्याच..." ओनचानच्या तोंडून एवढंच आलं.

"आठ वर्षं माझे डोळे असे आहेत. पाच वर्षं काहीच दिसत नाही."

"मग ही... हा घट्ट..."

"एक ठोका," बुआलाय म्हणाली. ती मागाला पाठ लावून उभी होती, हात छातीशी बांधून. आता ती घाबरलेली नव्हती. "त्या दोन देतात, मी एकच देते. जोराचा. मला दोन कधी जमले नाहीत. तुम्ही मोजून बघा ना ताई. आठ वर्षांची कापडं आहेत तुमच्याकडे."

मोजून बघायची गरज नव्हती. ओनचानचं बोट घट्ट भागावर गेलं, स्वतःहून, आणि तिथे एक ठोका होता, एकच, भरघोस, प्रत्येक ओळीला एक. इतकी वर्षं ती ठोके मोजतच नव्हती. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडे आपण कुठे पाहतो, पायरव ऐकला की झालं, तसं तिनं नाव टाचलेलं पाहिलं होतं आणि बोटानं मान डोलावली होती. बायका टाळ्या वाजवत होत्या. मागून हळू पडणारा तो दुसरा ठोका, ज्यासाठी ती भर बाजारात रडली होती, आठ वर्षांपूर्वी थांबला होता आणि तिला त्याची उणीवसुद्धा जाणवली नव्हती. आणि आज तो पुन्हा लागला, तेव्हा ती म्हणाली नक्कल.

"ते शिकाऊ कापड आठवतं?" सेंगदुआनच्या आवाजात अचानक हसू आलं, तिलाच आवरेना. "तू बाजारात द्या म्हणालीस ते? हिचं? आम्ही नाही दिलं बाजारात. पुढच्या वर्षी तेच तुझ्यासमोर ठेवलं, माझं म्हणून. आम्ही तिघं जीव मुठीत धरून बसलो होतो. तू बोट फिरवलंस आणि म्हणालीस, आई, यंदा तुझा हात तरुण झालाय! अगं, आठ दिवस हसलो आम्ही. सोमचित भात खाता खाता म्हणायचा, आई, तुझा हात तरुण झालाय, जरा पाणी आण."

"मी नव्हते हसले," बुआलाय म्हणाली.

म्हातारीनं गुडघ्यावरचा गुंता पुन्हा उचलला. "नाही. ही नव्हती हसली," ती म्हणाली. "म्हणून तर. ओन, मी आता किती दिवस? मी गेले की हे घर काय सांगणार तुला, मेलेली बाई विणतेय म्हणून? तोंडानं सांगायला मला लाज वाटली, लबाडी माझीच होती. म्हटलं कापडात सांगू. तुला माझा हात लागला की तू आपणच विचारशील, मग बाकीचा कोणाचा?"

ओनचानला वाटलं उठावं, रागवावं, तुम्ही आठ वर्षं मला फसवलंत म्हणावं. तेवढा हक्क तिला होता आणि तो तिनं चाचपून पाहिला, पण त्यात जीव नव्हता. कोण कोणाला फसवत होतं? आठ वर्षं या बाईनं विणलं, शहरातल्या बायकांनी वाहवा केली, ती वाहवा फोनवरून इथे यायची आणि बुआलाय फोन सासूच्या कानाला लावून उभी राहायची. तिनं वर पाहिलं. बुआलायच्या केसांत एक पांढरी बट आली होती. नऊ वर्षांपूर्वी ती पोर होती.

"कापायला आणलीत ना?" बुआलायनं कात्रीकडे हनुवटी केली. "तुमचं खरं आहे, नवरीच्या अंगावर वाकडा नाग बरा दिसत नाही. पण एक सांगते. त्या दोन विती कापल्यात तर मी तुमच्यासाठी पुन्हा माग लावणार नाही. रुमाल विकेन बाजारात. त्यांनी दोन महिने बोटं सोलून घेतलीत त्यावर. आणि मला नाव नको, टाचू नका. पण एकदा तुमच्या तोंडानं म्हणा. डोळे मिटून, त्या बायकांपुढे म्हणता तसं. हा हात कोणाचा, आणि हा कोणाचा."

ओनचाननं डोळे मिटले. खेळ म्हणून नव्हे. तिनं बोट घट्ट भागावर ठेवलं. "हा बुआलायचा," ती म्हणाली. वाक्य छोटं होतं, तरी ते बाहेर पडताना वीस वर्षांचं दुकान हललं. मग बोट पुढे सरकलं, त्या एका धाग्यावरून पलीकडे गेलं. जोराचा ठोका, मागून एक हळू. दमलेला. टेकलेला. उसवलेला नाग, पुन्हा घातलेला. "आणि हा..." ती म्हणाली आणि पुढचं नाव तिला येईना, कारण बोटाला काहीतरी दुसरंच आठवत होतं. हे सैलपण तिच्या ओळखीचं होतं. हे तिनं आधी कुठेतरी हाताळलं होतं, रोज हाताळत होती, पण कुठे ते कळेना.

"हे काय गं?" सेंगदुआन म्हणाली.

ओनचाननं डोळे उघडले. म्हातारीच्या चाचपणाऱ्या हाताला कात्रीशेजारची चिंधी लागली होती. तिनं ती उचलून मांडीवर घेतली, अंगठ्यानं चोळली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. बुआलायनं वाकून कात्री तिच्या हातापासून दूर सारली.

"जुनी चिंधी आहे," ओनचान म्हणाली. "दे इकडे."

"थांब की. दोन ठोके देते ही. माझ्यासारखी. आता कोण देतं गं दोन?" म्हातारीचा चेहरा उजळला होता, परक्या मुलखात गावचं माणूस भेटावं तसा. "चांगली विणकर आहे. पण अंधारात विणलंय. दिसत नव्हतं बाईला."

"एका पोरीनं केलंय ते," ओनचान म्हणाली. "शेजारच्या."

"छे! पोर कशाला एवढी झटेल? हे बघ, इथे चुकली, उसवलं, परत घातलं. परत चुकली, परत उसवलं. तिसऱ्यांदा जमलं. पोर असती तर पहिल्यांदाच सोडून उठून गेली असती. हिला पुरं करायचं होतं. कोणासाठी तरी असेल." तिचं बोट शेवटच्या धाग्यावर फिरलं, जिथे वीस वर्षांपूर्वीच्या कात्रीचा काप होता त्याच्या उलट टोकाला, जिथे विणणारीनं स्वतःच्या हातानं गाठी मारल्या होत्या. "दोनदोन गाठी मारल्यात बाईनं. खात्री नव्हती, बसलीय की नाही. कोण गं ही?"

बुआलाय ओनचानकडे पाहत होती. मग ती हळूच खाली बसली, तिच्या शेजारी, आणि तिनं पाण्याचा पेला तिच्या गुडघ्यापाशी सरकवला. ओनचाननं तो घेतला नाही.

"माझी आई," ती म्हणाली.

"असं होय," सेंगदुआन म्हणाली. चिंधी तिनं दोन्ही हातांत धरली. "डोळे गेले होते तिचे. तुला सांगितलं नाही?"

शाळेच्या मास्तरांच्या अक्षरात चिठ्ठ्या येत. आई सांगे, मास्तर लिहीत. तुझी तब्येत सांभाळ, कोंबडीनं पिल्लं काढली, आणि दर चिठ्ठीच्या शेवटी तेच, हल्ली दिव्याचं तेल भेसळीचं येतं, संध्याकाळी उजेड पडत नाही. मग, दुपारीसुद्धा ढगाळ असतं, उजेड पडत नाही. ओनचान ऑफिसात वाचून हसली होती. म्हातारीचं काहीतरी.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "उजेड पडत नाही म्हणाली होती."

"मग तू काय केलंस?"

"मी तेल पाठवलं," ओनचान म्हणाली. "दोन डबे. चांगलं तेल."